वाचक क्रमांक तीन

४ जानेवारी

नोकरी सोडून आज चार दिवस झाले. अकरा वर्षं ज्या ऑफिसात बसले त्याच्या दारावर पाटी होती, ‘सर्व प्रकारची भाषांतरे करून मिळतील’, आणि ती पाटी अक्षरशः खरी होती. भाडेकरार, जन्मदाखले, शाम्पूच्या बाटलीमागचा मजकूर. एकदा तर घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याची भांडणं, दोन्ही बाजूंची. निरोप देताना साहेब म्हणाले, “बाहेर तुला ओळखतं कोण?” तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज चार दिवसांनीही सुचलेलं नाही, कारण त्यांचं बरोबर आहे.

घरी कामाला टेबल हवं. घरात धड टेबल एकच, सासूबाईंच्या खोलीत, खिडकीपाशी. मी घाबरत घाबरत म्हटलं, “आई, तुमचं टेबल मी घेऊ? म्हणजे टेबल तुमचंच राहील, बसेन मी. म्हणजे तुम्हालाही बसता येईल, पण मी नसताना.” माझं मलाच कळेना मी काय मागतेय. आई म्हणाल्या, “घे.”

बस, एवढंच. या बाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली आहेत. त्यांच्या खणखणीत आवाजाची गावभर ख्याती होती. माझ्या लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही दोघी स्वयंपाकघरात हसून हसून भिंत धरून उभ्या राहायचो. आणि आता एक ‘घे’, तोही पुटपुटल्यासारखा. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मी नोकरी सोडलेली त्यांना पटलेली नाही, हे उघड आहे. नवरा म्हणतो, तुझं आपलं काहीतरीच.

९ जानेवारी

सगळं करणाऱ्याला कुणी लक्षात ठेवत नाही, म्हणून मी ठरवलंय की एकच विषय धरायचा आणि त्यात मुरायचं. कोणता, इथे घोडं अडलंय. कायदा? वाचतानाच डोळे मिटतात. शेतीची यंत्रं? जवळून एकही पाहिलेलं नाही. तीन दिवस कागदावर नावं लिहून खोडली.

शेवटी आठवलं की अकरा वर्षांत माझं कौतुक फक्त एकदा झालं. औषधाच्या खोक्यात ती बारीक अक्षरांची घडी असते ना, तशी एक मी साहेबांना न विचारता साध्या भाषेत करून टाकली होती. दोन महिन्यांनी एका माणसाचा ऑफिसात फोन आला, “ज्याने कुणी हे लिहिलं त्याला सांगा, मला पहिल्यांदा कळलं गोळी जेवणाआधी का घ्यायची ते.” साहेब म्हणाले, राँग नंबर असेल.

तर ठरलं. आजारी माणसाने स्वतः वाचायचा मजकूर. फक्त तोच. रात्रीचं जेवण वाढताना जाहीर केलं. नवरा म्हणाला, “आणि बाकी कुणी काम घेऊन आलं तर?” म्हटलं, नाही म्हणायचं. त्याने घास तसाच हातात धरला. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटाकडे. मला वाटलं होतं, निदान “वेडी आहेस” तरी म्हणतील.

१७ जानेवारी

सदतीस ठिकाणी पत्रं पाठवली. उत्तर एकच आलं, तेही शाम्पूवाल्यांचं. मी नम्रपणे नाही म्हटलं आणि मग अर्धा तास भिंतीकडे बघत बसले.

दुपारी दूध करपलं. आई तिथेच, शेगडीपासून दोन हातांवर, पेपर वाचत बसलेल्या. मला पलीकडच्या खोलीत वास आला आणि मी धावले. “आई, वास नाही आला?” “नाही बाई,” त्या म्हणाल्या. इतक्या शांतपणे, की मला वाटलं, हे मुद्दाम. घरी बसून तरी कुठे लक्ष आहे तुझं, हे मला दाखवायला. असं मनात येणं बरं नाही, पण खरं लिहायचं नाही तर वही कशाला ठेवायची!

पातेलं मीच घासलं. आदळआपट करत.

२ फेब्रुवारी

काम आलं! काम आलं! काम आलं!

आता नीट लिहिते. एक कंपनी आहे, ती दवाखान्यांसाठी रुग्णांच्या प्रश्नावल्या बनवते. ‘गेल्या आठवड्यात तुम्हाला जिना चढताना त्रास झाला का’ अशा. मला मिळालेली प्रश्नावली कंपवाताची आहे, चौतीस प्रश्न. हे काम त्यांच्या पसंतीला उतरलं, तर आपल्या भाषेतल्या त्यांच्या सगळ्या प्रश्नावल्या कायमच्या माझ्याकडे येतील. नाही उतरलं, तर शाम्पू.

पद्धत मोठी मजेशीर आहे. आधी मी भाषांतर करायचं. मग ज्यांनी मूळ पाहिलेलंच नाही अशा दुसऱ्या कुणीतरी ते परत मूळ भाषेत न्यायचं, म्हणजे वाटेत काय सांडलं ते कळतं. त्यासाठी कंपनीने एक निवृत्त नर्सबाई दिल्या आहेत. मी त्यांचं नाव ठेवलंय परतीच्या बाई. फोनवर पहिलंच वाक्य, “अक्षर न् अक्षर तपासते मी, आधीच सांगते.” आणि शेवटी पाच साध्या, निरोगी वाचकांना एकेक प्रश्न वाचून दाखवायचा आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्यायचं. त्याचा छापील तक्ता आहे. एका रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात ‘वाचकाला समजलेला अर्थ’.

आईंना सांगितलं. “हं,” म्हणाल्या. मी मोठ्याने म्हटलं, “काय?” पुन्हा “हं.”

११ फेब्रुवारी

एका प्रश्नाने चार दिवस खाल्ले. मुळात तो असा आहे, की जणू माणसाच्या नव्हे, मशीनच्या चेहऱ्याबद्दल विचारतायत. ‘मुखावरील हावभावांत घट’ असलं काहीतरी मी आधी लिहिलं आणि स्वतःच लाजले. सात वेळा खोडलं. आज जमलं: ‘तुम्ही आनंदात असतानाही तुमचा चेहरा तसाच राहतो, असं कुणी तुम्हाला म्हणतं का?’

स्वतःवरच खूश होऊन स्वयंपाकघरात गेले. आई भाजी निवडत होत्या. शाम्पूवाल्यांचा किस्सा रंगवून सांगितला, त्यांनी पुन्हा पत्र पाठवलंय की ‘आमचा शाम्पूही एक प्रकारे औषधच आहे’. पूर्वी एवढ्यावर आई खुर्चीतून घसरल्या असत्या. आज नुसत्या बघत राहिल्या, दगडासारख्या. मी भांडी आवरून परत टेबलाशी आले. वाक्य जमलं, घर काही जमत नाहीये.

बाजाराची यादीही आई हल्ली अशी लिहितात की भिंग लागावं. कागदाची काटकसर. माझा पगार बंद झाला ना.

२० फेब्रुवारी

वाचकांना बसवायला सुरुवात. पहिला खालच्या मजल्यावरचा शिंपी, दुसरा नवऱ्याचा ट्रक चालवणारा मित्र. दोघांनीही उत्तरं अशी दिली, जणू मी त्यांची परीक्षाच घेतेय. तिसऱ्या वाचकासाठी नवरा म्हणाला, “आईला विचार ना.” मी टाळायला कारण शोधायला लागले. पण आईंनी हातातलं बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “बस.”

आणि काय सांगू! मी वाचलं, “कपडे घालायला तुम्हाला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का? यातून काय समजलं, आई?” म्हणाल्या, “म्हणजे स्वेटरच्या गुंड्या. पहिली लागते, दुसरी लागते, तिसरीपाशी बोटं विचार करत बसतात.” अंथरुणात कूस बदलण्याचा प्रश्न: “म्हणजे चादरीचं टोक धरून स्वतःलाच ओढायचं. गाठोडं ओढावं तसं.” अक्षराचा प्रश्न: “ओळ सुरू होताना अक्षर बरं असतं, शेवटी मुंगी होते.” अर्थ अगदी नेमका! मी भराभर लिहून घेतलं. या बाई एक्सचेंजमध्ये कशाला गेल्या, नाटकात जायला हव्या होत्या.

फक्त तक्ता लहान आणि उदाहरणं लांब. दहाव्या प्रश्नाला मी म्हटलं, “अहो आई, उदाहरणं नका देऊ. तुमचं उत्तर नकोय मला. प्रश्न कळला का, तेवढंच सांगा.”

त्या थांबल्या. “कळला,” म्हणाल्या. त्यापुढच्या प्रत्येक प्रश्नाला एवढंच, “कळला.” दमल्या असाव्यात. मी चहा केला.

चेहऱ्याच्या प्रश्नाला मात्र ‘कळला’ नाही आलं. विचारलं, “हा कुणी लिहिलाय?”

“मी.”

“चांगला लिहिलायस.”

कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून माझ्यासाठी एक चांगला शब्द आला! चहा मी उभ्यानेच प्यायले, बसवेना.

२६ फेब्रुवारी

पाचही वाचक झाले. अहवाल परतीच्या बाईंकडे गेला, त्यांची सही झाली की कंपनीकडे जाईल. वाचक क्रमांक तीनची पहिली नऊ उत्तरं मी जशीच्या तशी घातली आहेत. इतकी छान आहेत की कापवेनात.

१ मार्च

परतीच्या बाईंचं दोन ओळींचं पत्र. ‘वाचक क्रमांक तीन कोण आहेत? वय काय? फोन कर.’

झालं! यांना वाटतंय मी वाचकाला पढवून बसवलं. किंवा त्याहून वाईट, निरोगी माणसाच्या जागी रुग्ण बसवला. नियमात बसत नाही ते. सगळं काम बाद होईल. मी कसला फोन करतेय, लेखीच उत्तर दिलं. ‘वाचक क्रमांक तीन या माझ्या सासूबाई असून त्यांचे वय सदुसष्ट आहे. त्या पूर्णपणे निरोगी आहेत. त्यांचे हात जराही थरथरत नाहीत, हे मी रोज पाहते.’ असं दीड पान. नवरा वाचून म्हणाला, “पत्र लिहिलंयस की दावा ठोकलायस?” पाठवलंच.

२ मार्च

सकाळीच त्यांचा फोन. मी भांडायच्या तयारीत होते. त्या आज अक्षर तपासायच्या आवाजात बोलत नव्हत्या.

म्हणाल्या, “हे बघ, थरथर सगळ्यांनाच सुरुवातीला येते असं नाही. कुणाकुणाला पुढेही फारशी येत नाही. मी अठ्ठावीस वर्षं याच रुग्णांच्यात काढली. तिसऱ्या नंबरची उत्तरं वाचली आणि तुझी प्रश्नावली बाजूला ठेवली. नुसता प्रश्न समजलेला माणूस असं बोलत नाही गं. ‘तिसऱ्या गुंडीपाशी बोटं विचार करतात’ हे मनाने रचता येत नाही.”

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली.

“त्यांना वास येतो?”

करपलेलं दूध.

“आवाज लहान झालाय?”

एकतीस वर्षं एक्सचेंज. आणि आता ‘घे’. ‘हं’.

“चेहरा कसा असतो? हसतात?”

शाम्पूचा किस्सा, आणि तो दगडासारखा चेहरा. परतीच्या बाई म्हणाल्या, “मी डॉक्टर नाही. माझं चुकलं तर खुशाल शिव्या दे. पण आधी त्यांना दाखवून आण. आणि कंपनीला मी काही कळवलेलं नाही. अहवाल माझ्याकडेच आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव.”

फोन ठेवून मी प्रश्नावली उघडली. चौतीस प्रश्न. प्रत्येक शब्द मी तोलून मापून लिहिलाय. वास, आवाज, अक्षर, गुंड्या, चेहरा. महिनाभर मी या आजाराशिवाय दुसरा विचार केला नाही, आणि तो माझ्यासमोर खुर्चीत बसून मला एकेक गोष्ट सांगत होता, आणि मी म्हटलं, तुमचं उत्तर नकोय मला.

रागावलेल्या नव्हत्याच त्या. दोन महिने मी एका आजारावर रुसले होते. मला माझी फार लाज वाटते आहे.

३ मार्च

आईंना सांगायचं कसं, याची दहा वाक्यं मनात केली आणि एकही वापरलं नाही. त्यांच्या पलंगावर बसले आणि रडले. त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला, हळू, जसा हल्ली सगळ्याच गोष्टींना त्यांचा हात हळू जातो. मग सांगितलं.

“मला वाटलं वय झालं,” त्या म्हणाल्या.

“पण कुणाला सांगायचं तरी, आई!”

“सांगत होते की तुला. तू लिहूनही घेत होतीस.”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच वाटलं होतं की मी त्यासाठीच विचारतेय. दहाव्या प्रश्नाला कळलं, की नाही. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला आणि आईच्या पायाशी बसला.

९ मार्च

डॉक्टरांनी आईंना दवाखान्याच्या व्हरांड्यातून चालायला लावलं. डावा हात हलत होता, उजवा अंगाला चिकटून. इतके दिवस आम्ही बाजाराला बरोबर चाललो, मला दिसलं नाही. बोटं टाळीसारखी आपटून दाखवायला लावली, एक ओळ लिहायला लावली. मुंगी झाली.

तोच आजार आहे. पण सुरुवात आहे, गोळ्यांनी बराच फरक पडेल, व्यायाम हवा, पुष्कळ वर्षं नीट जातात, असं सगळं डॉक्टरांनी नीट बसून समजावलं. मला ते आवडले. मग त्यांनी एक कागद भरायला दिला. दुसऱ्याच कुठल्यातरी जुन्या भाषांतराचा, ‘मुखावरील हावभाव’ छापाचा.

आईंनी तो लांब धरला, जवळ धरला. मग त्या लहानशा झालेल्या आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, हे कुणी लिहिलंय? चौथा प्रश्न मेला धड कळत नाही. माझी सून याच्यापेक्षा बरं लिहिते.”

डॉक्टर हसले. मी खिडकीबाहेर बघत बसले, डोळे पुसायला रुमाल मिळेना.

११ मार्च

कंपनीला पत्र लिहिलं. वाचक क्रमांक तीन निरोगी नाहीत. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. पहिल्या फेरीतून त्यांची उत्तरं काढावीत आणि माझ्याबद्दल जो निर्णय घ्यायचा तो घ्यावा.

नवरा म्हणाला, “नुसतं ‘वाचक बदलला’ म्हटलं तरी चालेल की.” चाललं असतं. पण ज्या बाईला समोरचं माणूस दिसलं नाही, तिच्याकडे आजारी माणसांचे प्रश्न द्यायचे का, हे विचारायचा त्यांना हक्क आहे. मलाही हा प्रश्न पडलाय. पाठवून टाकलं आणि आईंना घेऊन चालायला गेले. उजव्या हाताकडे बघत.

१६ मार्च

उत्तर आलं. आठवड्यात दुसरा निरोगी वाचक द्यावा, बाकी काम पसंत आहे. आणि खाली एक ओळ: दुसरी फेरी प्रत्यक्ष रुग्णांची असते, वाचक क्रमांक तीन यांची संमती असल्यास त्यांना त्यात घेता येईल का?

आईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे आता मी तिसरी नाही?”

“नाही. रुग्णांच्या यादीत अजून कुणीच नाहीये. तुम्ही पहिल्या.”

“चला,” आई म्हणाल्या, “नंबर वर आला.”

चेहरा तसाच, सपाट. मी मात्र इतकी हसले की भिंत धरावी लागली.

६ एप्रिल

कंपनीने आणखी दोन प्रश्नावल्या पाठवल्या आहेत, एक दम्याची, एक कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. म्हणजे शाम्पू टळला. परतीच्या बाईंना कळवलं. म्हणाल्या, “हुरळून जाऊ नकोस, अक्षर न् अक्षर तपासणार आहे.” मग आईंना फोन द्यायला सांगितला, आणि दोघी पाऊण तास बोलल्या. काय, ते मला कुणी सांगत नाही.

आज दुसरी फेरी. गोळ्या सुरू होऊन चार आठवडे होत आले. तिसरी गुंडी लागते आता, चौथी अजून विचार करते. टेबल खिडकीपासून जरा ओढून दोन खुर्च्या ठेवल्या, एक माझी, एक त्यांची. या फेरीच्या तक्त्यात ‘समजलेला अर्थ’च्या पुढे आणखी एक रकाना आहे, ‘रुग्णाचे उत्तर’. मी आधीच सांगून टाकलं, “आई, आज उदाहरणं हवीत. हवी तेवढी लांब.”

चेहऱ्याच्या प्रश्नाशी आलो. “तुम्ही आनंदात असतानाही तुमचा चेहरा तसाच राहतो, असं कुणी तुम्हाला म्हणतं का?”

“म्हणत नाही कुणी,” आई म्हणाल्या. “मनात मात्र धरतात.”

मग मी सगळं सांगितलं. नोकरी, टेबल, दूध, बाजाराची यादी. “मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात.”

“रागावले?” त्या म्हणाल्या. “अगं, टेबल मागायला आलीस ना, ‘टेबल तुमचं, बसेन मी, तुम्ही पण बसा, पण मी नसताना’, तेव्हा किती हसले मी. शाम्पूचं सांगितलंस तेव्हाही. आत हसतच होते गं. तू समोर उभी होतीस, मला वाटलं लाइन लागलीये, पोचतंय तुला.”

रकाना लहान होता. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांचं वाक्य न् वाक्य लिहून घेतलं. लिहून होईपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “हं, पुढचा विचार.”

“थांबा. आधी हे सांगा, टेबल मागितलं त्या दिवशी किती हसलात?”

“पोट दुखेपर्यंत,” आई म्हणाल्या, त्याच चेहऱ्याने.